तंबुरी जेमिल बे: तीन मिनिटांच्या तबकडीत मावलेला रचनाकार

सतार शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "उस्मानी (ऑटोमन) अभिजात संगीताबद्दल वाचताना तंबुरी जेमिल बे हे नाव सारखं समोर येतं. सगळीकडे त्यांच्या हाताच्या तयारीचं आणि वेगाचं कौतुक असतं. ते मुख्यतः तयारीचे वादक होते, की खरोखर मोठे रचनाकार? त्यांचं आयुष्य कसं गेलं, आणि मी ऐकायला कुठून सुरुवात करू?"

मी तीस वर्षं सतार वाजवतो आणि शिकवतो. तंबूर त्या मानाने उशिरा हातात आला, पण आला तो जेमिल बे यांच्याचमुळे. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. तंबुरी म्हणजे तंबूर वाजवणारा. हा तंबूर म्हणजे आपला तंबोरा नव्हे. आपला तंबोरा सुरांची बैठक देतो, त्यावर राग वाजवत नाहीत. तुर्की तंबूर लांब दांडीचं, पडदे बांधलेलं, पूर्ण स्वतंत्र वादनाचं वाद्य आहे. नात्याने तो तंबोऱ्यापेक्षा सतारीला जवळचा. आपल्याकडे जसे बीनकार आणि सारंगिये, तसे तिकडे वादकाच्या नावाआधीच वाद्य येतं: केमानी तात्योस म्हणजे व्हायोलिनवाले, उदी नेव्रेस म्हणजे ऊदवाले. 'बे' हे आदरार्थी, आपल्या 'राव'सारखं.

जेमिल बे १८७३ साली इस्तंबूलमध्ये, फातिह भागातल्या मोल्ला गुरानी मोहल्ल्यात जन्मले. तीन वर्षांचे असताना वडील गेले, आणि पुढे काकांच्या आधाराने वाढले. थोरल्या भावाला संगीताचा नाद होता, त्यामुळे घरातच तंबूर, कानून आणि व्हायोलिन हाताशी लागले. स्वरलिपी त्यांनी व्हायोलिनवादक अलेक्सान आगा यांच्याकडून शिकून घेतली, पाश्चात्त्यही आणि हांपारसुमही. ही दुसरी लिपी हांपारसुम लिमोंजियान या इस्तंबूलच्या अर्मेनियन संगीतकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. तोवर उस्मानी संगीत प्रामुख्याने 'मेश्क'ने, म्हणजे गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात, मांडीवर हातांनी उसूल, म्हणजे ताल, देत देत पुढे जात होतं. आपल्या तालमीत आणि मेश्कमध्ये फरक थोडाच.

शिक्षण सरकारी नोकरीच्या दिशेने झालं. मुल्किये या प्रशासकीय शाळेत ते काही काळ होते, पण ती त्यांनी पुरी केली नाही. पुढे परराष्ट्र खात्यात कारकुनी केली. या माणसाचं मन कचेरीत रमलं नसणार हे सांगायला नकोच. जुन्या पिढीतले मातब्बर तंबूरवादक अली एफेंदी यांच्याकडून थोडं मार्गदर्शन मिळालं. पण एका गुरूच्या पायाशी बसून वर्षानुवर्षं तालीम घेतली, असं त्यांच्या बाबतीत घडलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्यांच्या बाजाचं मूळ तिथे आहे.

त्या वेळच्या उस्मानी संगीताची परिस्थिती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे आयुष्य नीट समजत नाही. १८२६ साली जानिसारी सैन्य बरखास्त झालं आणि त्याबरोबर त्यांचं मेहतर वाद्यपथकही. १८२८ मध्ये सुलतानाने ज्युझेप्पे दोनिझेत्तींना इटलीहून बोलावून राजवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड उभा केला. दरबाराचा ओढा हळूहळू तिकडे वळला. दरबारी पिढीतले शेवटचे फार मोठे रचनाकार देदे एफेंदी १८४६ साली हजयात्रेत वारले. त्यानंतर हे संगीत जगलं ते श्रीमंतांच्या कोनाकांत, म्हणजे वाड्यांत, मेव्हलेवी सूफींच्या दर्ग्यांत, आणि नंतर शहरातल्या गाझिनोंत, म्हणजे खाण्यापिण्याबरोबर गाणं चालणाऱ्या ठिकाणी. तिथे तुर्क, ग्रीक, अर्मेनियन, यहुदी असे सगळे एकत्र बसून वाजवत. तंबूरच्या परंपरेतलं एक थोर नाव इझाक हे यहुदी होते आणि सुलतान तिसरा सेलीम त्यांच्याकडे शिकला. जेमिल बे यांच्या तरुणपणी केमेंचेचा बादशाह होता वासिलाकी, एक ग्रीक वादक. त्यांचं केमेंचे ऐकून जेमिल बे यांनी ते छोटंसं, नासपतीच्या आकाराचं, गजाने वाजवायचं वाद्य स्वतः उचललं आणि तंबूरइतकंच आपलंसं केलं. माझ्या मते, वासिलाकींचा गज कानात घेऊनच ते पुन्हा तंबूरकडे वळले.

आता वाद्य, कारण ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

तंबूरचं पोट अर्ध्या चेंडूसारखं गोल. ते भोपळ्याचं नाही, लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून जोडलेलं असतं. वरची तबली इतकी पातळ की घोडीच्या दाबाने ती जराशी खचते, आणि आवाजाचं गूढ त्यातच आहे. दांडी लांब, तारेची वाजती लांबी एक मीटरच्या वर जाते. तारा सात-आठ, पण चाल मुख्यतः खालच्या एकाच जोडीवर वाजते, बाकीच्या सूर भरतात. सतार शिकणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल, कारण आपणही बाजाच्या एकाच तारेवर सगळा राग उलगडतो. शब्दही ओळखीचे आहेत. आपली मिजराब तीच त्यांची मिझराप, आपला पडदा तोच त्यांचा पेर्दे. फक्त त्यांची मिझराप बोटात घालायची तारेची अंगठी नसते. ती कासवाच्या कवचाची लांब पट्टी असते, चिमटीत धरायची. आता कवचावर बंदी असल्याने प्लास्टिकच्या पट्ट्याही चालतात.

मोठा फरक डाव्या हाताचा. सतारीला एकोणीस-वीस पडदे, आणि मधल्या श्रुती आपण तार ओढून, मींडेने मिळवतो. तंबूरला पन्नासच्या आसपास पडदे बांधतात. तिथे तार आडवी ओढत नाहीत. प्रत्येक सूक्ष्म स्वराला स्वतःचा पडदा असतो, आणि बोट दांडीवर लांबच लांब धावतं. आजच्या तुर्की सिद्धांतात एका पूर्ण स्वराचे नऊ कोमा मानतात, सप्तकाचे त्रेपन्न. पण कागदावरचा पडदा आणि हातातला पडदा वेगळा असतो: उश्शाक मकामातला (मकाम म्हणजे साधारण आपला राग) दुसरा स्वर लिहिलेल्यापेक्षा खाली घेतात, आणि तो किती खाली हे फक्त ऐकूनच येतं. इस्तंबूलला माझ्या गुरुजींनी पहिल्या आठवड्यात मला एकही चाल वाजवू दिली नाही. पडद्याची गाठ सोडायची, एका केसाएवढी सरकवायची, पुन्हा बांधायची, ऐकायचं. दहा-बारा दिवसांनी कान भानावर आला. मिरजेच्या कारागिरांकडे सतारीचे पडदे लावताना मी हीच शांतता पाहिली होती.

जेमिल बे यांच्या आधीचा तंबूर मिझरापीच्या बाबतीत कंजूष होता, आणि हा शब्द मी कौतुकाने वापरतो. एक आघात करायचा, तार वाजू द्यायची आणि त्या आसेवर डाव्या हाताने दोन-तीन स्वर काढायचे. गंभीर, धीमा, घरंदाज बाज. जेमिल बे यांनी उजवा हात मोकळा सोडला. उलटसुलट आघात, दाट बोलांचे झरे, एकदम सप्तकभर उडी, लवता या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावरून आणि केमेंचेवरून उचललेले तुकडे. तोवर तंबूरवर असलं काही फारसं ऐकलेलं नव्हतं. जुन्या बाजाचे अभिमानी नाराज झाले, आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती: आघात वाढले की आस कमी होते. बीनेच्या अंगाचं सतारवादन आणि गतकारीच्या अंगाचं वादन यांवरून आपल्याकडे जी भांडणं झाली, त्याच जातीचं हे भांडण. मी स्वतः दोन्ही बाजूंचं ऐकून शेवटी जेमिल बे यांच्या बाजूला आलो, आणि त्याचं कारण वेग हे नाही.

कारण असं. त्यांच्या दाट जागा मोजून बघा. त्या नेहमी एखाद्या ठरावाच्या, म्हणजे स्वरावर विसावण्याच्या, आधी येतात, आणि नंतर ते एकच आघात करून थांबतात. आधीच्या गर्दीमुळे तो एक स्वर मोठा होतो. म्हणजे जुन्या बाजातली आस त्यांनी टाकली नाही, तिला जागा करून दिली. नुसता हात तयार असलेल्या वादकाला ठरावाआधीची गर्दी वाजवता येईल, पण ती कुठे संपवायची याचा निर्णय रचनाकाराचा असतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे: त्यांची तयारी आणि त्यांची रचना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

याचा पुरावा त्यांच्या तक्सीममध्ये आहे. तक्सीम म्हणजे उसूल नसलेलं, त्या क्षणी सुचलेलं मकामाचं उलगडणं, साधारण आपल्या आलापासारखं. मात्र त्यात एका मकामातून दुसऱ्यात जाऊन परत घरी येणं हे कौशल्य मानतात. जेमिल बे यांच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात निघाल्या, काही इस्तंबूलच्या ओर्फेऑन कंपनीच्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. त्याच सुमाराला आपल्याकडे अब्दुल करीम खाँ, जेमिल बे यांच्याहून जेमतेम एक वर्षाने मोठे, त्याच तीन मिनिटांच्या चौकटीत राग बसवायची धडपड करत होते. पुष्कळ कलावंतांनी त्या चौकटीत लांब मैफलीचा तुकडा कापून ठेवला. जेमिल बे यांनी तीन मिनिटांचीच वस्तू घडवली: मकामाची ओळख, वरच्या अंगात चढ, मध्येच एखाद्या शेजारच्या मकामाची झुळूक, आणि मग उतरून घरी. शेवटचा ठराव तबकडी संपायच्या जरासा आधी येतो, घाईने नाही. या तक्सीम तुर्कस्तानात लोकांनी स्वरलिपीत उतरवून घेतल्या आणि पाठ केल्या, अगदी बांधलेल्या रचनेसारख्या. आलाप पाठ करायचा म्हटलं तर आपल्याकडे भुवया उंचावतील, पण तिथे अनेक पिढ्यांच्या वादकांनी हेच करून हात बसवला. मीही केला आहे, आणि माझ्या सतारीच्या आलापाला त्याचा फायदा झाला. कुठे थांबायचं ते कळलं.

बांधलेल्या रचना संख्येने फार नाहीत. पण शेदअरबान साझ सेमाई, फेराहफेझाचे पेशरेव आणि साझ सेमाई, माहुर पेशरेव, मुहय्यर साझ सेमाई, कुर्दीलीहिजाझकार पेशरेव यांपैकी काही ना काही आजही प्रत्येक तुर्की वादकाच्या बोटांत असतं. या प्रकारांचा साचा समजून घ्या. पेशरेव मैफलीत पुढे चालतं, शब्दाचा अर्थच तो. त्याचे चार भाग, त्यांना 'हाने' म्हणतात. आपल्या नगारखान्यातला 'खाना' तो हाच शब्द. प्रत्येक हानेनंतर 'तेस्लिम' नावाचं ध्रुवपदासारखं पालुपद परत येतं. पेशरेव मोठ्या उसूलात असतं, अठ्ठावीस मात्रांचा देवर-ए-कबीर किंवा त्याहूनही लांब. साझ सेमाई मैफलीच्या शेवटाकडे येते. तिचा साचाही चार हाने आणि तेस्लिम असाच, पण उसूल आक्साक सेमाई, दहा मात्रांचा. झपतालाचे दहा दोन-तीन-दोन-तीन असे चालतात, आक्साक सेमाईचे तीन-दोन-दोन-तीन. आरशात बघितल्यासारखी ही चाल आहे: दोन्ही टोकांना तीन, मध्ये दोन-दोन. सुरुवातीला मी तिला झपतालात ओढत होतो आणि दर आवर्तनाला पाय चुकत होता. चौथ्या हानेत उसूल बदलतो, बहुतेक वेळा सहा मात्रांच्या हलक्या चालीकडे, आणि मग तेस्लिममध्ये परत दहा.

शेदअरबानवर थोडा थांबतो, कारण ती त्यांची सर्वांत जास्त वाजवली जाणारी रचना आहे आणि तीत मला एक गोष्ट हातात वाद्य घेतल्यावरच कळली. हा मकाम येगाह या खालच्या स्वरावर विसावतो. स्वरांची मांडणी आपल्या कानाला भैरवची आठवण करून देते: कोमल रिषभानंतर रुंद उडी मारून गंधार, तसंच कोमल धैवतानंतर निषाद. भैरवचं आंदोलन मात्र इथे शोधू नका. आता तंबूर बघा: चालीची जोडतार मोकळी सोडली की वाजतो तोच येगाह. म्हणजे दर वेळी चाल घरी येते तेव्हा डाव्या हाताचं एकही बोट तारेवर नसतं. पूर्ण लांबीची तार, मीटरभराहून जास्त, मोकळी घुमते. फेराहफेझाचाही विसावा येगाहवरच. त्यांच्या सगळ्यांत लाडक्या दोन मकामांचं घर तंबूरच्या मोकळ्या तारेत असावं, हे मला योगायोग वाटत नाही. ऊदवर किंवा व्हायोलिनवर हीच शेदअरबान सेमाई सुंदर वाजते, पण तो मोकळ्या तारेचा उसासा तंबूरवरच ऐकायला मिळतो. रचना वाद्याच्या शरीरातून कशी निघते ते समजून घ्यायचं असेल तर ही एक सेमाई पुरेशी आहे.

त्यांची दुसरी बाजू लोकसंगीताची. शहरातल्या घरंदाज वादकाने गावातल्या धुना वाजवणं तेव्हा प्रतिष्ठेचं नव्हतं. जेमिल बे यांनी केमेंचेवर 'चेचेन मुलगी' नावाची नाचाची धून वाजवली, गुलिझार मकामाची तक्सीम वाजवली, मेंढपाळाच्या पाव्याची आठवण करून देणारी तक्सीम ध्वनिमुद्रित केली. या जागा ते नक्कल म्हणून वाजवत नाहीत. गजाचा दाब, श्वासाचा तुटकपणा, सगळं आतून आलेलं आहे. तंबूरला गज लावण्याची कल्पनाही त्यांचीच. यायली तंबूर म्हणतात त्याला, आपला इसराज डोळ्यांसमोर आणा. सेलोही त्यांनी उस्मानी संगीतात आणला, लवताही ते वाजवत. शिवाय संगीत शिकवणारं पुस्तक लिहिलं, 'रेहबर-ए-मुसिकी', म्हणजे संगीताचा वाटाड्या.

स्वभावाने भिडस्त, मनस्वी. फर्माइशीवर वाजवायला नाखूष. १९०१ मध्ये लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला, मेसूत. शिष्यांत रेफिक फेर्सान हे नाव मोठं, ते पुढे स्वतः रचनाकार झाले. पण शिष्यमंडळ उभं करायला जेमिल बे यांना आयुष्य पुरलं नाही. क्षय झाला. बाल्कन युद्धं संपतात न संपतात तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. २८ जुलै १९१६ रोजी ते गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी. मेर्केझएफेंदी कबरस्तानात त्यांची कबर आहे. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये 'दारुलएल्हान' हे संगीतविद्यालय उघडलं. ते त्यांना पाहता आलं नाही याची हळहळ मला दर वेळी वाटते.

त्यानंतरची वीस वर्षं या संगीताला फार कठीण गेली. १९२५ साली दर्गे बंद झाले, १९३४ मध्ये तर काही काळ रेडिओवरून तुर्की अभिजात संगीत वाजवायलाच मनाई होती. अशा काळात वाड्यातली मैफल नाही, दर्गा नाही, आणि घरात मात्र तबकडी होती. ज्या मुलांनी जेमिल बे यांना कधी पाहिलं नाही त्यांनी सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून त्यांचा एक-एक आघात उचलला. एका गुरूकडे पुरती तालीम न घेतलेला माणूस स्वतः तबकडीतून साऱ्या देशाचा गुरू झाला. वडील गेले तेव्हा मुलगा मेसूत जेमिल जेमतेम चौदा वर्षांचा होता. त्याने बर्लिनला जाऊन सेलो शिकला, परत येऊन तंबूर हातात धरला, इस्तंबूल रेडिओच्या पहिल्या दिवसांपासून तिथे काम केलं, अंकारा रेडिओवर अभिजात गायनवृंद उभा केला, आणि वडिलांचं चरित्रही लिहिलं. मेसूत यांच्याकडून शिकले नेजदेत याशार, माझ्या पिढीसाठी तंबूर म्हणजे तेच. नेजदेत याशार यांचा हात जेमिल बे यांच्यापेक्षा संथ आहे. त्यांच्या आघातांमधली शांतता ऐकली की जुन्या बाजाचे अभिमानी आणि जेमिल बे यांचा वाद पुढच्या पिढीने कसा मिटवला ते कळतं.

आता ऐकायचं कसं. तुम्ही सतारवाले आहात, तेव्हा वेगवान तुकड्यांपासून सुरुवात करू नका. सतारीचा 'झाला', म्हणजे शेवटचा द्रुत भाग, कानात असला की सगळं वेगाच्या मापाने मोजलं जातं. आधी एखाद्या आजच्या चांगल्या वादकाची स्वच्छ ध्वनिमुद्रित शेदअरबान साझ सेमाई घ्या आणि मांडीवर हाताने तीन-दोन-दोन-तीन मोजत दहा वेळा ऐका, तेस्लिम कुठे परत येतं ते ओळखू येईपर्यंत. मग जेमिल बे यांची स्वतःची शेदअरबान तंबूर तक्सीम. जुन्या तबकडीची खरखर पहिल्या दोन दिवसांत त्रास देईल, तिसऱ्या दिवशी ती ऐकू येणं बंद होतं. १९९०च्या दशकात या तबकड्या स्वच्छ करून पुन्हा निघाल्या, त्या मिळवा. मग मुहय्यर आणि हुसैनीच्या तक्सीम, आणि त्यानंतर केमेंचे. केमेंचे ऐकून परत तंबूरकडे आलात की तंबूरच्या आघातांमागे गज ऐकू यायला लागेल.

एक तक्सीम निवडा आणि सतारीवर बसवायचा प्रयत्न करा. मींडेने नाही, पडद्यापडद्याने. जिथे तुमच्या सतारीवर पडदाच नाही तिथे मधला पडदा सरकवून बांधा, आणि तक्सीम हाताला बसेपर्यंत तो तसाच ठेवा. माझ्या एका सतारीवर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये असा एक पडदा गेली अकरा वर्षं बांधलेला आहे.